उमा की रमा

आमच्या अक्काला पहिली बस कधी मिळाली नाही. बस यायची, समोर थांबायची, कंडक्टर घंटी मारायच्या आधी आमच्याकडे एकदा बघायचाही. पण अक्का म्हणायची, "स्वल्प थांब, मागची रिकामी असेल." मागची खरोखर रिकामी आली की तिला शंका यायची, रिकामी आहे म्हणजे ही मध्येच कुठे तरी वळत असणार. बसवनगुडीच्या घरून चिकपेटच्या बाजारात जायला आम्हा दोघींना तास लागायचा आणि त्यातला निम्मा वेळ आम्ही थांब्यावरच उभ्या असायचो. मी पुण्याहून लग्न होऊन नुकतीच आलेली, एकोणीस वर्षांची, आणि हातासरशी काम उरकते म्हणून माहेरी नावाजलेली. दातओठ खाऊन गप्प बसायला मी शिकले ते त्या थांब्यावर.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, ह्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. ह्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी म्हैसूर मुलखात आलेलं, त्यामुळे घरातली मराठी कानडीच्या शेजारी बसून जेवलेली होती. 'वन्सं' म्हटलं तर कुणी वळून बघत नसे. ती सगळ्या आळीची अक्काच होती. जरा थांब याला 'स्वल्प थांब' आणि ठीक आहे याला 'सरी' म्हणायचं, एवढं मी पहिल्या आठवड्यात शिकले. त्यातला पहिला शब्द अक्काच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा यायचा. दुसरा मी फार कमी ऐकला.

स्वयंपाकघरात तर कहर होता. सकाळी ती रवा भाजायला घ्यायची. मी विचारायचे, "अक्का, उप्पीट की शिरा?" तर म्हणायची, "रवा भाजेपर्यंत ठरवायचं नसतं गं." रवा भाजून व्हायचा, एका चुलीवर फोडणीची कढई, दुसऱ्या चुलीवर पाकाचं पातेलं, आणि अक्का मध्ये झारा धरून उभी. हे कारखान्यात जायच्या गडबडीत, सायकल दारात लावलेली. शेवटी दोन्ही व्हायचं, आणि दोन्हीतलं अर्धं अर्धं खाऊन हे निघून जायचे. आपल्या बहिणीचं काही चुकतंय असं ह्यांना जन्मात कधी वाटलं नाही, हा माझा दुसरा वैताग.

साडीच्या दुकानाबद्दल न लिहिलेलंच बरं, पण लिहिते. ती दोन साड्या घरी आणायची, रात्रभर उशाशी ठेवायची, सकाळी एक परत करायला निघायची आणि वाटेत विचार बदलून दुसरी परत करायची. आम्हाला येताना पाहिलं की दुकानाचा मालक गादीवरून उठून आत जायचा आणि नोकराला पुढे करायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "अक्का, दोन्ही सारख्याच तर आहेत. एक उचला आणि चला." ती काठावरून बोट फिरवत म्हणाली, "एक घेतलं की दुसरं जातं ना, मालती." तेव्हा मला हे बोलणं म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा वाटला.

वर्षभराने ह्यांच्याकडून एक गोष्ट कळली. अक्का सतरा वर्षांची असताना तिला एकाच महिन्यात दोन स्थळं आली होती, एक म्हैसूरचं आणि एक धारवाडचं. दोन्ही चांगली. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आणि हे पाच वर्षांचे. मामंजींनी एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आत, दोन्ही स्थळांना नकाराची पत्रं लिहून टाकली आणि घर अक्काच्या हाती दिलं. तिला कुणी विचारलं नाही. ती शेजारच्या खोलीत दिव्याच्या काचा पुसत होती म्हणे. हे ऐकून मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने दोन भोपळ्यांमध्ये पाऊण तास घालवला आणि मी पुन्हा चिडले.

मला दिवस राहिले. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच, अक्काच्या हातचं. मुलगीच होणार, हे मात्र तिने कुणालाही न विचारता ठरवून टाकलं. मग नाव. आमच्यात पाळण्यात नाव ठेवण्याचा मान आत्याचा. अक्काने तीन महिने खपून चाळीस नावांची दोन केली, उमा आणि रमा. "लहान नाव हवं," ती म्हणाली, "इथल्यांना म्हणता आलं पाहिजे, पुण्याच्यांनाही." इथपर्यंत मला पटलं होतं. मला दोन्ही आवडत होती. माझं म्हणणं एवढंच होतं की कुठलं तरी एक ठेवा.

पुढचे महिने मी कसे काढले ते मला माहीत. अक्का मागच्या दारात उभी राहून, मुलगी खेळायला गेली आहे असं समजून, आळीच्या टोकापर्यंत हाक मारून बघायची. आधी "उमाऽ", मग "रमाऽ". शेजारणी विचारायला लागल्या, तुमच्याकडे कोण पाहुण्या आल्यात. फुलवालीला विचारून झालं, दळण घेऊन येणाऱ्या बाईला विचारून झालं. एके दुपारी ती आरशासमोर कमरेवर हात ठेवून दोन्ही नावांना दटावत होती. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "नाव लाडाने घेता येतंच कुणालाही. रागावून घेऊन बघावं लागतं. उमा म्हणताना रागच टिकत नाही माझा." मी म्हटलं, "मग रमा ठेवा." ती म्हणाली, "तसं कसं? राग टिकू नये हेच बरं ना?" मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मुलगी झाली. सातव्या दिवशी मला थंडी वाजून ताप भरला. त्या दिवशीची अक्का मी विसरणार नाही. ह्यांना कारखान्यातून बोलवायला ती थांबली नाही, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं याचा खल केला नाही. दारातून जाणारा पहिला टांगा थांबवला, मला घोंगडीत गुंडाळून आत बसवलं आणि टांगेवाल्याला कानडीत असं काही फटकारलं की घोडाही पळत सुटला. मला बरं वाटायला लागल्यावर मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी कसं हो पटकन ठरवलंत?" ती म्हणाली, "त्यात ठरवायचं काय होतं? तू एकच होतीस." इतकं ऐकूनही मी पुढे जे केलं ते केलंच.

बारसं चार दिवसांवर आलं. चांदीच्या वाटीवर नाव कोरून घ्यायचं होतं आणि कोरणारा घाई करत होता. मी अक्काला विचारलं. ती म्हणाली, "स्वल्प थांब. दोन दिवस दे." ताप, जागरण, बाळाचं रडणं, आणि त्यावर हे स्वल्प थांब. माझं डोकं सटकलं. ह्यांना मी खोलीच्या दारातूनच सांगितलं, "उमा घाला आणि मोकळे व्हा. तुमची बहीण ही मुलगी लग्नाला येईपर्यंत ठरवत बसेल." ह्यांनी बायकोचं ऐकायचं की बहिणीला विचारायचं याचा विचार केला असेल तर तो मला दिसला नाही. ते वाटी घेऊन आले. मी ती बारशापर्यंत उशीखाली ठेवली.

बारशाच्या दिवशी गवीपुरच्या काकूंनी, म्हणजे ह्यांच्या चुलतीने, पाळण्याजवळ हळदीकुंकवाचं तबक मांडलं आणि वाटी मध्ये ठेवली. अक्का तिच्या खोलीतून आली. हिरवी इरकल नेसलेली, चेहरा कधी नव्हे इतका मोकळा, आणि काखेत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काही तरी. तिने तबकाकडे बघितलं. वाकून वाटीवरचं वाचलं. मग परत खोलीत गेली. मी मनात म्हटलं, झालं, आता साडी बदलणार ही. पण ती लगेच बाहेर आली, त्याच साडीत, रिकाम्या हातांनी. पाळण्यावर वाकली, कुर्र केलं आणि बायकांनी पाठीत बुक्के घालायच्या आत "उमा" म्हणून सरळ उभीही राहिली. सगळ्या थक्क झाल्या. काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अक्काला असंच वळणावर आणावं लागतं." मला खूप शहाणं वाटलं.

त्यानंतर सात वर्षांत अक्काने उमाला उमा अशी हाक मारली नाही. पुट्टी म्हणायची. कानडीत लहान मुलीला म्हणतात तसं. तिची वेणी घालायची, तिला शाळेत पोचवायची, पहिली बस सोडायची, शाळेला उशीर करवायची, मास्तरणीची बोलणी मला खायला लावायची, पण पुट्टी. मी एकदा फणकारले, "नाव काय शोभेला ठेवलंय का? घ्या की ते कधी तरी." अक्का तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आहे की वाटीवर."

सात वर्षांनी मला पुन्हा मुलगी झाली. आता अक्काला सुई ओवायला उमा लागत होती आणि पाय सुजायचे. मी आधीच सांगून टाकलं, "अक्का, या वेळी मी मध्ये पडणार नाही. हवा तेवढा वेळ घ्या." मला वाटलं, पुन्हा आरसा, पुन्हा मागच्या दारातल्या हाका. तसलं काही झालं नाही. बारशाच्या आदल्या दुपारी ती माझ्या खाटेवर येऊन बसली आणि पांढरं फडकं उलगडलं. आत कुंची होती, जांभळ्या रेशमी कापडाची, कडेने पिवळा गोट, आणि पाठीवर साखळी टाक्याने नाव घातलेलं. रमा.

कुंची छान होती. मी हात फिरवला, आणि मग मला रंग दिसला. 'र' लालभडक होता. 'मा' मात्र विटकरी, जुन्या दोऱ्याचा. जी बाई दोऱ्याची छटा जुळावी म्हणून चार दुकानं पालथी घालायची, तिने हे असंच सोडलं होतं. मी कुंची खिडकीकडे धरली. रेशमावर सुईची भोकं बुजत नाहीत. 'र'च्या आजूबाजूला उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं होती, आणि ती ओळीने लावून वाचली तर 'उ' होत होता.

"अक्का, ही तेव्हाची?"

"हं."

"तुम्ही उमाच ठरवलं होतंत?"

"तुझ्याकडे दोन दिवस मागितले, त्याच रात्री ठरलं. मग रात्रंदिवस बसून भरलं."

"मग बोलला का नाहीत त्या दिवशी? नाव तर एकच होतं."

तिने कुंची माझ्या हातातून घेतली आणि मांडीवर नीट घडी घातली. "कुणी मानलं असतं, मालती? म्हणाल्या असत्या, अक्काने वाटीवरचं वाचून शिवलं." मग म्हणाली, "एवढं एक मी ठरवलं होतं. ते पण कुणी आधीच ठरवलेलं निघालं."

मी रडले. सात वर्षं चुकीच्या माणसावर चिडत होते याचं मला रडू आलं, आणि त्यातही तिचा राग आलाच, की एवढी गोष्ट पोटात ठेवून ही माझ्या मुलीच्या वेण्या घालत बसली. मी विचारलं, "आणि रमा कधी ठरवलंत?" ती म्हणाली, "त्यात काय ठरवायचं? उरलं होतं तेवढंच." मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "सरी, पूस डोळे. बाळंतिणीने रडू नये."

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. थांब्यावर आजही मी पहिलीच बस पकडते आणि रिकामी मागून आली की चडफडते. पण रमाच्या बारशाची सकाळ मी कधी घाईने आठवत नाही. तबकात वाटी नव्हती, मी ठेवू दिली नव्हती. बाळाच्या अंगात जांभळी कुंची होती. अक्का पाळण्यावर वाकली, कानाशी तोंड नेलं आणि तशीच राहिली. काय बोलत होती कोण जाणे. ओठ हलत होते एवढं दिसत होतं. मागे बायका बुक्के मारायला मुठी वळून उभ्या, एकीचं मूल रडायला लागलं, आत पानं मांडून झाली होती. अक्का हलेना. शेवटी गवीपुरच्या काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "अगं अक्का, नाव कुंचीवर आहे की. सांगून टाक आणि ऊठ."

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "स्वल्प थांबा, काकू."