पाठवणीतलं रडणं

वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजांचं संगीत रचतो मी. कोपरगावकडच्या साखर कारखान्याची घरघर, कॅनॉलचं पाणी, बाजारातला गलका, काहीही रेकॉर्ड करायचं; मग संगणकावर कापायचं, ताणायचं, एकावर एक चढवायचं. गावात याला अजून ‘भंगारातलं संगीत’ म्हणतात. त्याच भंगारावर परदेशातल्या सभागृहांपर्यंत पोचलो. पोचवलं ते एका रचनेनं. ती कशातून झाली, ते मी कधी सांगितलं नाही.

ताईच्या लग्नात मी नवा रेकॉर्डर घेऊन फिरत होतो. पाठवणीला ती आईच्या गळ्यात पडली, तेव्हा माइक दोघींजवळ धरला. आमच्याकडे पाठवणीला मुलीनं रडायचंच असतं. नाही रडली तर बायका नावं ठेवतात. त्यामुळे त्या रडण्यातलं बोलणं कुणी मनावर घेत नाही. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावला, तर हुंदक्यांमधून स्वच्छ ऐकू आलं, “आई, रडायचं म्हणून न्हाई रडत. खरंच सांगते, मला तिथं धाडू नको.”

मी गप्प बसलो. वऱ्हाड गेलंच होतं, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तो आवाज हवा होता. शब्द कापले, श्वास आणि हुंदके ठेवले, मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. शब्दच नाहीत तर ओळखणार कोण?

ताईनं मार खात काही वर्षं काढली आणि माहेरी आली, ती कायमचीच. आई तिला सारखी म्हणायची, तवाच बोलायचं हुतं.

गेल्या वर्षी तालुक्यात माझा सत्कार झाला. तिथं ती रचना वाजवली. ताई पहिल्या रांगेत होती. घरी आल्यावर, आई शेंगा सोलत असताना, तिनं विचारलं, ते माझंच रडणं ना? मी हो म्हणालो. वाटलं, आता भडकेल. तर तिचा चेहराच उजळला.

“मग आईला ऐकव की, मी काय बोलले हुते. इतकी वर्षं ही मलाच खोटं पाडती.”

आईचे हात थांबले. मला सांगावं लागलं, की शब्द उरले नाहीत. मीच कापले.

“म्हंजी तुला ऐकू आलं हुतं?” ताईनं विचारलं.

“आलं होतं.”

ताई आईकडे वळून हळू म्हणाली, “जाऊ दे आई. तुला त्या गलक्यात खरंच कळलं नसंल. ह्याला कळलं हुतं.”

तेव्हापासून मायलेकी एकमेकींशी नीट बोलतात. माझ्याशी दोघीही कामापुरतं.