ओटीतला कळा

आधीच सांगून टाकतो... मी जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे. पंप बंद पडला तर त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं. भुतंखेतं, अंगात येणं, देवाचा कौल ह्या सगळ्यावर बायकोने विश्वास ठेवायचा आणि मी थट्टा करायची, अशी आमच्या घरात लग्नापासून वाटणी आहे. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हसलोच असतो.

रत्नागिरीत मांडवीला आमचं घर आहे. निवृत्त झाल्यावर वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो. एका थंडीत ग्रासिएला नावाची बाई आली. अर्जेंटिनाची, सत्तरी ओलांडलेली, दुखऱ्या गुडघ्यांची आणि एकटी. तिकडच्या बंदरांत फेऱ्या मारून मला मोडकंतोडकं स्पॅनिश येतं. एवढ्या लांब आपल्या भाषेत बोलणारा कुणीतरी भेटला म्हटल्यावर ती दोन रात्रींसाठी आलेली, चांगली तीन आठवडे राहिली.

समुद्राकडची खोली पाहुणे भांडून घेतात. हिने मात्र मागची मागितली, शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड असलेली. जेवायलाही समुद्राकडे पाठ करून बसायची. माझी बायको सुनंदा मनात काही ठेवणाऱ्यातली नाही.

"अहो, विचारा ना तिला, समुद्रानं काय घोडं मारलंय तिचं?"

मी विचारलं... आणि मग सगळी दुपार ती सांगत होती आणि मी ते सुनंदाला मराठीत सांगत होतो.

ग्रासिएला विशीची असताना तिच्या देशात सैन्याने सरकार उलथून सत्ता हातात घेतली. ज्याचा संशय येईल त्याला घरातून, कॉलेजातून, रस्त्यातून उचलून न्यायला लागले. खटला नाही, शिक्षा नाही, प्रेत नाही. चौकशीला जावं तर 'असा कुणी माणूस आमच्याकडे नाही' हे उत्तर. तिची थोरली बहीण आलिसिया शाळेत शिकवायची. तिला एका सकाळी शाळेच्या दारातून नेलं. आई तिचा फोटो छातीशी धरून इतर आयांबरोबर चौकात उभी राहायची, ती वाट बघतच गेली. पुढे राजवट पडल्यावर कळलं, की कितीतरी कैद्यांना गुंगीचं औषध देऊन विमानातून जिवंत समुद्रात टाकलं होतं. आलिसिया त्यांच्यात होती का, हे कुणीच सांगू शकलं नाही.

"मी अजून त्याच घरात राहते," ग्रासिएला म्हणाली. "दोन जिने चढून. डॉक्टर म्हणतात, सोडा. चुलतबहीण आपल्याकडे बोलावते. पण आलिसियाला तेवढा एकच पत्ता माहीत आहे ना..."

सुनंदाने डोळे पुसले आणि म्हणाली, "म्हणजे ती हाय का नाय, एवढाच कळायला हवा. मग देवीला विचारूया की!"

मी हसतहसतच भाषांतर केलं. ग्रासिएला हसली नाही. कोर्टाला विचारून झालं, लष्कराला विचारून झालं, चर्चमध्ये विचारून झालं, म्हणाली. आता तुमच्या देवीलाही विचारते.

आमचं मूळ गाव पावसच्या रस्त्याला आत आहे. ग्रामदेवता नवलाई. ज्यांना कौल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो आणि पाण्यात भिजवलेली फुलाची पाकळी मूर्तीच्या कपाळाला चिकटवतो. तिला आमच्याकडे कळा म्हणतात. एका माणसाच्या नावाचा एक कळा. तो उजवीकडे पडला तर होकार, डावीकडे पडला तर नकार. सुकलेली पाकळी कुठेतरी पडणारच, हे माझं त्यावरचं कायमचं मत.

सकाळची वेळ होती, लख्ख ऊन. देवळात आम्ही तिघं आणि दत्ताराम गुरव. मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांनी हात जोडले.

"बाय नवलाई, ही लेक समुद्रापल्याडून तुज्या दारात आली हाय. हिची भैन आलिसिया, तिला सरकारच्या माणसांनी नेलानी, ती परत आली नाय. ती जित्ती असंल तं उजवा दी, नसंल तं डावा दी. हिच्या जिवाचा घोर मिटव गो माय!"

"व्हय महाराजा!" सुनंदा म्हणाली. ग्रासिएलानेही तिचं बघून हात जोडले.

काकांनी कळा लावला आणि मागे सरले. थोड्या वेळाने तो डावीकडे पडला. मी ग्रासिएलाकडे बघितलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही, तिने नुसती मान हलवली. आता परत जाऊन घराला कुलूप लावेल आणि सुटेल बिचारी, असं मला वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं.

तेवढ्यात काका म्हणाले, "ह्यो कोणी लावलान?"

मूर्तीच्या ओटीपाशी, पोटाच्या खाली, आणखी एक कळा चिकटलेला होता.

"तुमीच लावलात, काका," सुनंदा म्हणाली. "एकाच हातानं दोन्ही लावलात. मी बघत होते."

"मी?" काकांनी आपला हात उलटसुलट करून बघितला. "अगो, ओटीत कोण कळा लावतो? माज्या बापानं कधी लावला नाय."

ते बोलत असतानाच ओटीतला कळा सुटला आणि उजवीकडे पडला.

मग सुनंदा माझा दंड धरून हळूच म्हणाली, "अहो, त्यांना विचारा... भैन दोन जिवांची होती काय?"

मला ते विचारायचं नव्हतं. पण ग्रासिएलाने 'काय म्हणते ही?' म्हणून मलाच धरलं, तेव्हा सांगावं लागलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही!" म्हणाली. "असतं तर मला सांगितलं नसतं तिने?" मग माझ्यावरच उखडली, की माझ्या मेलेल्या बहिणीवरून खेळ करता काय? दुसऱ्या दिवशी निघून गेली. त्या रात्री मी सुनंदाला नको नको ते बोललो.

पावसाळ्यात ग्रासिएलाचा फोन आला. आलिसियाबरोबर कोंडलेली एक बाई आता परदेशात राहते. ग्रासिएलाने पूर्वी तिला एकदाच गाठलं होतं, तेव्हा ती आलिसियाबद्दल काही माहीत नाही म्हणाली होती. ह्या वेळी ग्रासिएलाने सरळ विचारलं, माझी बहीण गरोदर होती का? ती बाई रडायलाच लागली. होती. तिथेच बाळंत झाली. मूल रडल्याचं त्या बाईने भिंतीपलीकडून ऐकलं. मुलगा की मुलगी, ठाऊक नाही. मूल लगेच कुणीतरी घेऊन गेलं, आणि थोड्याच दिवसांत आलिसियालाही. अशी मुलं तेव्हा लष्करातल्या लोकांनी आपली म्हणून वाढवली, हे तिकडे जगजाहीर आहे. आधी का नाही सांगितलं, तर तेव्हा आई हयात होती. त्या म्हातारीला आणखी एक घाव कशाला, म्हणून.

मी कारण शोधून शोधून दमलो. दोन पाकळ्या ओल्या हाताला चिकटून आल्या असतील, पण मग एक कपाळाला आणि एक ओटीला? काकांचं वय झालंय, मान्य. सुनंदाने त्यांना पढवलं म्हणावं, तर ती काय पढवणार? त्या देवळात ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती, अगदी सख्ख्या बहिणीलासुद्धा. सुनंदा म्हणते, देवीला होती. मला दुसरं उत्तर सापडलेलं नाही.

ग्रासिएलाने आपलं रक्त तपासणीला दिलंय. अशा हरवलेल्या मुलांसाठी तिकडे नातेवाइकांचे नमुने जपून ठेवतात. अजून कुणाशी जुळलेलं नाही. ते मूल आता पन्नाशीला टेकलं असेल. स्वतःच्या आईला मारणाऱ्यांना आईबाप म्हणत सुखातही असेल... बसमध्ये त्या वयाचं कुणीही दिसलं, तरी ती आलिसियाचे कान शोधते म्हणे. घर तिने सोडलेलं नाही.

परवा बोलता बोलता मी न राहवून विचारलं, "आम्ही तुला देवळात नेलं, ते चुकलं का?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात तिकडे दाराची बेल वाजली. फोन टेबलावर टाकल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, आणि ते दुखरे गुडघे घेऊन पळत गेलेली पावलं. मी आणि सुनंदा स्पीकरला कान लावून बसलो. बऱ्याच वेळाने ती परत आली.

"पाववाला होता," म्हणाली. "तू काय विचारत होतास?"

मला पुन्हा विचारवलं नाही.