भाचा जेवत होता

२००३ साल. मी पासष्टचा होतो. तिसरीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. तीस वर्षं पुलगावात जिनिंगवर कापूस पारखला. बोटांत धागा ओढून तो कितव्या वेचणीचा ते सांगायचो आणि माझं सांगणं मालकही मोडत नसे. काम सुटलं तसं घरात मला कोणी काही विचारेनासं झालं.

सून एका कचेरीत कारकून. तिच्या कॉम्प्युटरवर गुप्तहेराचा एक खेळ होता. विलायती बंगल्यात खून होतो. आपण माउसनं खोल्या धुंडाळायच्या, माणसांना प्रश्न विचारायचे आणि शेवटी खुन्याच्या चित्रावर बाण ठेवायचा. रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघं बसायचो. इंग्रजी ती वाचून मराठीत सांगे, कुठं पाहायचं ते मी सांगे. पहिल्या भागात माळी म्हणाला, मी पहाटेपासून बागेतच होतो. मी म्हटलं, त्याचे जोडे पाह्य. जोडे कोरडे. दवात फिरलेल्या माणसाचे जोडे कोरडे कसे राहतील? माळीच खुनी निघाला. त्या दिवसापासून घरात मला पुन्हा विचारू लागले. भाजी कोणती आणायची इथपासून.

दुसऱ्या भागाची सीडी आमच्या इवायानं नागपूरहून आणली. इवाई म्हणजे सुनेचे वडील, पवनारचे, हेडमास्तर होऊन रिटायर झालेले.

"माळी नशिबानं सापडला असेल," ते म्हणाले. "आता पाहू."

"या खेपेले अर्ध्यातच खुनी सांगतो. चुकलो तं तुमच्यासमोर हार मानीन."

मुलाकडची माणसं मुलीच्या बापापुढं हार मानायची भाषा करत नाहीत. सून माझ्याकडं पाहतच राहिली. पण शब्द गेला होता.

हा खेळ वेगळाच निघाला. ज्या वस्तूत काही असेल ती आपोआप चमकायची, बाकी कशाला हात लावू देत नव्हता. जोड्यांवर बाण नेला तर काहीच होईना. हेर स्वतःच म्हणायचा, चला आता कोठीघरात.

"हा मले काऊन शिकवून राह्यला?"

"नवीन लोकायसाठी सोपं केलं असन, मामाजी."

"सोपं कायचं? आपल्याले बसवून ठेवलं."

तिसऱ्या रविवारी म्हातारा मालक वरच्या खोलीत मेलेला सापडला, आणि खाली त्याचा भाचा टेबलाशी बसून पोटभर जेवत होता. ताटातून वाफा निघत होत्या. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकर आणून देतात, तीही घशाखाली उतरत नाही. हा तर दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

"भाचाच," मी म्हटलं. "लिहून ठेव."

"मामाजी, तिकडं तसं नसते. जेवतात ते लोक."

"माणूस सगळीकडं माणूसच असते. लिही."

तिनं लिहिलं.

पाचव्या रविवारी इवाई मुद्दाम आले. खेळाच्या शेवटी नावेतून एक माणूस उतरला. पाच रविवारांत तो एकदाही दिसला नव्हता. म्हाताऱ्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा म्हणे. खुर्चीत बसून त्यानं सगळं आपणहून कबूल केलं आणि खेळ संपला. चित्रावर बाण ठेवायची वेळच आली नाही.

इवाई हसता हसता खोकू लागले. "इवाईबुवा, बिचाऱ्या भाच्याला उपाशी ठेवता काय?"

"हसू नका, बाबा," सून बापाला म्हणाली. "हा माणूस आधी दाखवलाच नाई यायनं."

ते खरंच होतं. न दाखवलेला खुनी कोण धरणार? ती लबाडी खेळाची. पण भाच्याचं नाव मी घेतलं होतं, ते खेळानं माझ्या तोंडात घातलं नव्हतं. मी उठून बाहेर गेलो आणि इवाई संध्याकाळच्या बसनं निघेपर्यंत आत आलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं वर्धा आणि तिथून पवनार गाठलं. इवाई ओट्यावर दाढी करत होते. मी खालूनच म्हटलं, "हारलो. पण पुढचा भाग आणसान तं पाहून आणजा, सगळी माणसं सुरुवातीपासून हायेत का नाई." ते गालावरच्या साबणासकट उठले, आत चला म्हणाले. मी आत गेलो आणि त्यांच्याकडं पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं मागून चहा प्यालो.