त्रेचाळीस ओळींचा तक्ता आणि वरचा माळ

मी आजवर एकही वस्तू तुलना केल्याशिवाय विकत घेतलेली नाही, आणि त्यामुळे आमच्या घरात वस्तू फारशा नाहीत.

दोष माझा नाही, नोकरीचा आहे. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासणी खात्यात आहे. आलेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, कागदावरच्या मापाशी ताडून पाहायचा आणि केसाएवढा फरक निघाला तरी परत पाठवायचा, हे माझं काम. दिवसभर हेच करणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन एकदम भोळा होत नाही. मिक्सर घ्यायचा होता तेव्हा मी सात कंपन्यांचा तक्ता केला होता. तो पुरा होईपर्यंत त्यातले तीन मिक्सर बाजारातून बंद झाले. तोवर वैशाली, म्हणजे आमची बायको, पाट्यावर चटण्या वाटत होती. मिक्सरपेक्षा पाट्याचीच चव छान लागते, असं मी तिला म्हणालो होतो. (एकदाच. पुन्हा म्हणालो नाही.)

पण गाडीची गोष्ट वेगळी होती, कारण ती आईसाठी घ्यायची होती.

त्र्यंबकच्या रस्त्याला आत वळलं की आमची थोडी जमीन आहे. खाली एक खोली आणि अंगण, मग दगडाळ चढ, आणि चढ संपला की माळ. बाबांनी निवृत्त झाल्यावर त्या माळावर आंब्याची सात झाडं लावली. सहा स्वतः लावली आणि सातवं आईच्या हातून लावून घेतलं. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली, आणि त्याच सुमारास आईच्या गुडघ्यांनीही संप पुकारला. शेतावर गेलो की ती अंगणात खुर्ची टाकून वर बघत बसायची. खालून झाडं दिसत नाहीत, नुसता चढ दिसतो.

"विजू, एकदा मला वर ने रे," ती म्हणाली. "झाडं कशी आहेत ती डोळ्यांनी बघते. मग काही मागत नाही."

मला भरून आलं. "नेतो आई," मी म्हणालो, "त्यासाठी आपण योग्य ती गाडी घेऊ."

वैशालीने कपाळाला हात लावला. 'योग्य' म्हटल्यावर पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हे तिला पाट्यावर कळलेलं होतं.

योग्य गाडी मला फोनवर सापडली. परदेशात कुठेतरी वाळूच्या टेकडीवर एक माणूस ती उडवत होता. साइड-बाय-साइड म्हणतात तिला, त्यातही स्पोर्ट प्रकारातली. मी वैशालीला व्हिडिओ दाखवला.

"हा ट्रॅक्टर आहे का?"

"नाही. शेजारी शेजारी दोन सीटा, समोर स्टिअरिंग, चार मोठी चाकं आणि वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. जिथे रस्ता नाही तिथे जाते."

"आणि रस्ता असेल तिथे?"

"तिथे न्यायची परवानगी नसते."

"म्हणजे रस्त्यावर न चालणारी गाडी आपण घेतोय," ती शांतपणे म्हणाली. "त्यापेक्षा खुर्चीला दोन बांबू बांधा. चार माणसं बोलावू, नेतील आईंना उचलून."

"खुर्चीला सस्पेन्शन नसतं," मी म्हणालो आणि तक्ता करायला बसलो.

तक्ता त्रेचाळीस ओळींचा झाला. जमिनीपासूनची उंची, चाकाची वरखाली हालचाल, इंजिनची ताकद, वळायला लागणारी जागा, पट्टा कसा, पिंजरा कसा. 'आईला चढायला पायरी' ही ओळ मी स्वतः घातली आणि तिचं माप देवघरातल्या पाटाशी ताडून पाहिलं. शेवटी दोन गाड्या उरल्या, एक लाल आणि एक हिरवी. लाल जोरकस होती, शंभरच्या वर पळायची. हिरवीच्या स्प्रिंगा मऊ होत्या. दोघींना एकवीस-एकवीस गुण पडले आणि एका ओळीत बरोबरी झाली.

"शंभरच्या वर?" वैशाली म्हणाली. "आईंना कुठे पळवून न्यायचंय?"

बरोबरी फोडायला चढाची नेमकी मापं हवी होती. मी दर रविवारी टेप घेऊन चढावर जायला लागलो. कुठे किती तिरकं, कुठला दगड किती उंच, सगळं लिहून काढलं. चढ संपायच्या आतच टेप गुंडाळून परत फिरायचो, माळावर मोजण्यासारखं काही नव्हतं. पावसात माती वाहून जायची आणि दगड सरकायचे, की मापं पुन्हा पहिल्यापासून. खालच्या भातखाचरातून आमचे शेजारी काशिनाथ हात हलवायचे, मीही हलवायचो. असे चौदा महिने गेले.

आई दर रविवारी विचारायची, "झालं का रे मोजून?" पुढेपुढे तिने विचारायचं सोडून दिलं. ते मात्र मला लागलं. मी दोन्ही विक्रेत्यांना फोन केला आणि एकाच दिवशी दोन्ही गाड्या शेतावर बोलावल्या. समोरासमोर चढवू, जी बरी चढेल ती घेऊ, आणि तिच्यातच आईला वर नेऊ. मला सुट्टी मिळाली ती खंडेनवमीला, कारण त्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा झाली की दुपारी सोडतात.

इथेच माझी चूक झाली. त्रेचाळीस ओळींत तिथी नव्हती.

लाल गाडी घेऊन कुलकर्णी नावाचे गृहस्थ आले, हिरवी घेऊन शेखभाई. दोघांनी आपापल्या टेम्पोतून गाड्या अंगणात उतरवल्या. मी दोघांना म्हटलं, आधी चढ बघून घ्या, आणि त्यांना टेप धरायला लावून तासभर दगड दाखवत फिरलो. परत खाली आलो तर दोन्ही गाड्यांच्या स्टिअरिंगला झेंडूच्या माळा, बॉनेटवर हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक आणि चाकापुढे फोडलेला नारळ. शेजारी कोयता, विळी, पाण्याची मोटर आणि आमची जुनी कार, तीही हळदीकुंकू लावून बसलेली.

कुलकर्ण्यांचा चेहरा पडला. "काकू, अहो, ही गाडी अजून आमची आहे."

"लोखंडाची आहे ना?" आई म्हणाली. "मग झालं. आज खंडेनवमी. दारात लोखंड आलं आणि कोरडं ठेवलं, असं आमच्याकडे नाही चालत."

"चालेल, चालेल," मी घाईने म्हणालो. "चल, बस आता. तुला वर नेतो."

"आज? पुजलेलं अवजार आज वापरतात का? उद्या दसऱ्याला सकाळी ने."

आमच्या घरातली ही पद्धत मला जन्मापासून माहीत होती. आज विळी बंद म्हणून सकाळी आमच्याकडे अख्ख्या मसुराची उसळ झाली होती, आणि ती मी दोन वेळा वाढून घेतली होती.

"उद्या दसरा, काकू. उद्या गाड्या शोरूमला लागतात," कुलकर्णी काकुळतीला आले. "संध्याकाळच्या आत न्यायलाच हव्यात."

"आजी म्हणतात तर राहू द्या की," शेखभाई म्हणाले. त्यांनी प्रसादाचं खोबरं तोंडात टाकून सावलीला बैठक मारली होती.

आईने माझ्याकडे बघितलं. "नाही जमत तर राहू दे विजू. नाहीतरी मी जायची नाहीच वर, असं मला वाटायलाच लागलंय."

ते वाक्य मला सहन झालं नाही. माणूस गहिवरला की त्याला कल्पना सुचतात, आणि त्या वेळी त्याला कुणी अडवायला हवं.

"आई, इंजिन चालूच केलं नाही तर? मग अवजार वापरलं असं होतं का?"

आईने विचार केला. "नाही. नुसतं हलवलं तर चालतं. पुसायला हलवतोच की."

अशा रीतीने, वाळूच्या टेकड्या उडवणाऱ्या त्या लाल गाडीत हेल्मेट घातलेली आई चार टोकांच्या पट्ट्याने बांधून बसली, ब्रेक सांभाळायला स्टिअरिंगवर वैशाली बसली, आणि मी, कुलकर्णी आणि शेखभाई मागून ढकलायला लागलो. गाडीचं वजन तक्त्यात अकराव्या ओळीत होतं. ते वाचणं वेगळं आणि ढकलणं वेगळं, हे मला वीस पावलांत कळलं.

"लावा जोर," वैशाली आतून म्हणाली. "योग्य गाडी आहे."

तिसाव्या पावलाला कुलकर्ण्यांचा बूट घसरला. त्यांच्यामागोमाग माझा धीर घसरला. गाडी सावकाश मागे यायला लागली, आम्ही तिघं बाजूला उड्या टाकून मोकळे झालो. वैशालीने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून बरं. गाडी थांबली, पण मागचं एक चाक बांधावरून उतरून काशिनाथांच्या भातखाचरात रुतलं.

"पोचलो का?" आईने हेल्मेटमधून विचारलं.

तेवढ्यात काशिनाथ स्वतःच आले. त्यांनी चाकाखालचं भात पाहिलं, झेंडूच्या माळा पाहिल्या, चिखलात बसलेल्या मला पाहिलं. "काय चाललंय भाऊ?"

"आईला वर माळावर न्यायचंय. झाडं बघायला."

"मंग इकडून कशाला? मागल्या अंगानं जा ना. डांबरी हाय."

मी उठून उभा राहिलो. "कुठली डांबरी?"

"पाड्यावर जाणारी. दोन वर्सं झाली. पार तुमच्या आंब्याच्या कुंपणापासून जाते. आमची दुधाची रिक्षा रोज जाते तिकडं."

कुलकर्णी पायातून निसटलेला बूट शोधत होते.

"काशिनाथ, मी चौदा महिने हा चढ मोजतोय. तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलंच नाय," ते म्हणाले. "दर रइवारी टेप घेऊन यायचे. मला वाटलं, सरकारी मोजणी हाय, आपण मधी बोलायला नको."

त्या रस्त्याने आमची जुनी कारसुद्धा आरामात गेली असती. पण आईने शेतावर उतरल्या उतरल्या पहिली पूजा तिचीच केली होती. शेवटी काशिनाथांची रिक्षा आली. ती ते दसऱ्याला पुजतात, त्यामुळे वापरायला मोकळी होती. आई दुधाच्या कॅनशेजारी बसली आणि दहा मिनिटांत माळावर पोचली. रिक्षाला माझ्या तक्त्यात एकही गुण नव्हता.

वर गेल्यावर आई प्रत्येक झाडापाशी थांबली. खोडावरून हात फिरवला, पानं उलटून बघितली, बाबांना सांगावं तसं काहीतरी पुटपुटली. मला फार बरं वाटत होतं. मग ती सातव्या झाडापाशी आली. तिथे नुसती वाळलेली काठी उभी होती.

"ह्ये या उन्हाळ्यात गेलं आये," काशिनाथ म्हणाले. "त्याच्या आदल्या सालापर्यंत चांगलं होतं."

मी मनात हिशेब केला. तेव्हा मी बहुतेक चढाच्या निम्म्यावर दगड मोजत होतो. मला मान वर करवेना. कारखान्यात मी इतकी वर्षं दुसऱ्यांचा माल नापास करत आलो, त्या दिवशी मीच नापास झालो होतो.

आईने ती काठी हलवून बघितली. मग माझ्या चिखलाच्या पँटकडे बघून तिला हसू आलं. "जाऊ दे रे. पुढच्या पावसात याच जागी नवीन लावू. पण रोप वैशाली आणेल. तू मध्ये पडू नकोस."

लाल गाडीचं चाक काशिनाथांच्या बैलांनी बाहेर काढलं. इंजिन बंद असल्यामुळे आईची हरकत नव्हती. गाड्या तशाच ढकलून टेम्पोत चढवल्या आणि कुलकर्णी स्वस्तिकासकट शोरूमला गेले. दुसऱ्याच दिवशी ती गाडी विकली गेली. आता नवीन गाडी आली की ते फोन करतात, आजी पूजेला येतील का म्हणून.

रोपाच्या बाबतीत मी आईला शब्द दिलाय, मी मध्ये पडणार नाही. वैशालीने जाऊन जे मिळेल ते आणायचं आहे. सोयीसाठी म्हणून मी फक्त नाशिकमधल्या नऊ रोपवाटिकांची एक छोटी यादी तिच्या पर्समध्ये ठेवलीय. ओळी अवघ्या सव्वीस आहेत.