फ्रीझरची किल्ली

“गोठलेलं मटण तसंच मंद आचेवर चढवलंत? शिजायच्या आधी नासेल ते! असल्यानंच पोर दवाखान्यात गेलं होतं, परत धाडायचंय का?” थोरल्या जाऊबाई भावोजींवर कडाडल्या, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

“शिजेल की सावकाश,” भावोजी पुटपुटले. जाऊबाईंनी पातेलं कचऱ्यात पालथं केलं.

तेव्हापासून फ्रीझरची किल्ली त्यांच्या कमरेला. पोराला पोरं झाली, तरी राग तसाच गरम. आम्ही हसायचो, पण त्या घरात पुन्हा कुणाचं पोट बिघडलं नाही.

जाऊबाई वारल्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी धाप लागलेली असतानाही उठल्या. उद्याचं मटण खोल भांड्यात घालून फ्रीजच्या तळच्या कप्प्यात ठेवलं.

“बर्फ तिथंच सुटू दे. ओट्यावर काढलंत तर याद राखा!” भावोजींना दटावलं आणि फ्रीझरला कुलूप घातलं.