ही कुणावर गेली?

मी आत्यावर गेले आहे. नाक तिचं, कपाळ तिचं, रागावल्यावर एक भुवई वर चढते तीही तिचीच. यात नवल काही नाही, कारण चौसाळ्याच्या या आत्यानंच मला जन्म दिला. मायला मूल होत नव्हतं, म्हणून माझं दूध तुटल्यावर आत्यानं मला शिरूर कासारला आणून भावजयीच्या ओटीत घातलं. म्हणजे वडिलांच्या घराण्याचं रक्त माझ्यात होतंच. फक्त मायचं नव्हतं.

आमचं घर मेंढरांचं. नवं कोकरू धड उभंही राहत नसे, तोवर अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याचा बाप कोणता ते सांगायचे. "बघा, आगदी त्या काळ्या मेंढ्यावर गेलंय." हीच पारख ते माणसांनाही लावत. लग्नाकार्यात एखादी बाई माझी हनुवटी धरून "पोरगी आगदी चौसाळ्याची हाय" म्हणाली की अण्णा खुलायचे, आणि माय काहीतरी काम काढून तिथून उठायची. असल्या बायांचा मला अजून राग येतो. त्यांना काय पडली होती? घरी आल्यावर माझी वेणी घालताना माय हळूच विचारायची, "माझं काय आलं गं तुझ्यात?"

"तुझ्यासारखं लई तिखट खाते की," मी म्हणायचे. ती हसायची, पण तेवढ्यानं तिचं समाधान होत नसे.

एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं की माय त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायची. मेंढी वास घ्यायची, आपलंच समजायची आणि त्याला पाजायची. लहानपणी ते बघून मी एकदा म्हटलं, "माय, मला पण बांध की काहीतरी." तिनं मला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

पुढं तिला शुगर निघाली आणि त्यातच किडन्या गेल्या. बीडच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, हा आजार घराण्यात उतरतो, तुम्हीही तपासून घ्या. माय खाटेवरून घाईघाईनं म्हणाली, "तिला न्हाई व्हायचं काई. ती माझ्या रगताची न्हाई." जन्मभर जी गोष्ट तिला सलत होती, ती त्या दिवशी तिनं स्वतःच्या तोंडानं, सुटका झाल्यासारखी बोलून टाकली. मी बाहेर जाऊन रडले.

ती गेली त्या दिवशी मातीला आलेली माणसं संध्याकाळी परतली. शेजाऱ्यानं आमची मेंढरं चारून आणली होती, पण ती जाळीच्या आत जाईनात. रोज त्यांना आत घ्यायचं काम मायचं. खाटेला खिळली तरी ओसरीवरून हाक तीच मारायची. खालून उठून वर चढणारी आणि शेवटी जराशी फाटणारी हाक. शेजारी काठी आपटून दमला, मेंढरं मात्र घराकडं तोंड करून ओरडत राहिली. मला ते बघवेना. मी पुढं झाले आणि हाक मारली.

मेंढरांनी माना वर केल्या आणि एकामागून एक आत गेली.

अण्णांना मोतीबिंदूमुळं नीट दिसत नाही. ते आतून भिंत धरत घाईनं बाहेर आले. "उठलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, मी हाय," मी म्हटलं.

ते उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "आगदी तिचाच आवाज. हे कुठून आलं गं तुझ्यात?"

माय जे माझ्यात जन्मभर शोधत होती, ते माझ्या गळ्यात होतं. पण ती होती तोवर मी कधी हाक मारलीच नाही. हाक मारायला ती होती.