टपालानं आलेलं एक मत

आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका वॉर्डाचा निकाल एका मतानं लागला आणि ते मत माझं होतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मतदान गुप्त असतं हेही सगळ्या गावाला माहीत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे सांगायचं तर मला आधी माझी नोकरी सांगावी लागेल.

मी मुरगूडजवळच्या एका शाळेत सहावी-सातवीला नागरिकशास्त्र शिकवतो. घर हातकणंगले तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आठवडाभर मुरगुडात खोलीवर राहायचं आणि शनिवारी शाळा सुटली की गाडी काढायची. मतदार यादीत नाव गावातच आहे. त्या वर्षी गावात निवडणूक लागली त्याच दिवशी आमच्या शाळेकडच्या गावांतही लागली आणि मला तिकडच्या एका केंद्रावर ड्युटी आली. प्रशिक्षणाच्या दिवशी एक कारकून टपाली मतपत्रिकेचे अर्ज घेऊन बसला होता. आमच्यातल्या बहुतेकांनी त्याच्याकडं न बघता जेवणाची रांग गाठली. मी अर्ज भरला. ‘एका मतानं काय होतंय’ या वाक्यावर मी दरवर्षी वर्गात एक तास घेतो. न भरून चाललं नसतं.

आमच्या वॉर्डातली एक जागा महिलांसाठी होती. तिथं दोघी उभ्या होत्या. एक माझी काकी, सख्ख्या चुलत्याची बायको. आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच आहे. काका गावच्या दूधसंस्थेचा चेअरमन. जागा महिलांची निघाली म्हणून काकी उभी राहिली. खुली निघाली असती तर काका उभा राहिला असता आणि तिनं चहा केला असता. पोस्टरवर दोघांचे फोटो होते, काकाचा मोठा.

दुसऱ्या उमेदवार म्हणजे सिस्टर. आरोग्य खात्यातून रिटायर झालेल्या, बौद्धवस्तीतल्या. वॉर्डातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली आणि उरलेल्यांना त्यांनी सुया टोचल्या. त्यांच्यासाठी राखीव अशी जागा दुसऱ्या वॉर्डात होती. पण त्या म्हणाल्या, मी राहते हितं, तर हितनंच उभी राहणार. गावातल्या बऱ्याच जणांना हे फार झालं असं वाटलं. तसं कोणी बोललं नाही. ‘त्यांना तिकडं सोपं गेलं असतं की’ एवढंच म्हणायचे.

माझ्या वडिलांच्या पायाला साखरेमुळं जखम झाली होती, तेव्हा सिस्टर तीन महिने रोज सकाळी येऊन ड्रेसिंग करून जायच्या. जाताना आई त्यांना चहा द्यायची. तो कप वेगळा होता. कानाला टवका गेलेला, बाहेरच्या कट्ट्यावर पालथा घातलेला असायचा. सिस्टर चहा घ्यायच्या, कप स्वतः विसळून जिथल्या तिथं पालथा ठेवायच्या आणि उद्या येते म्हणायच्या. मी सुट्टीत घरी असलो की हे बघायचो. मी नागरिकशास्त्र शिकवतो. मी काही बोललो नाही.

प्रचाराला दोघी आल्या. काकी मागच्या परड्यातूनच आली. म्हणाली, “मास्तर, ध्यान हाय न्हवं?”

मी म्हणालो, “सांगाय पायजे व्हय काकी?”

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “सर, मी उभी आहे बरं का.”

मी म्हणालो, “सांगाय पायजे व्हय सिस्टर?”

वाक्य तेच होतं. पण काकी त्यावर समाधानानं मान हलवून गेली होती, आणि सिस्टर हसल्या. म्हणाल्या, “सांगू नका. मत सांगितलं की खराब होतंय.”

मतपत्रिका मुरगूडच्या पत्त्यावर आली. मी खोलीचं दार लावून घेतलं, कडी घातली, खिडकी ओढून घेतली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि मालकीण माहेरी गेली होती, तरीही. सिस्टरांच्या नावापुढं खूण केली, पाकिटात पाकीट घातलं, सांगितलं होतं तसं चिकटवलं आणि रवाना केलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत गुप्त काम होतं.

मतमोजणी हातकणंगल्याला, एका सरकारी गोदामात होती. मला रजा होती. काका म्हणाला, “तू चल. आकडं लिवून घ्यायला शिकलेला माणूस लागतोय.” मी पॅड आणि दोन पेनं घेतली. ट्रॉलीतून गेलो. ट्रॉलीत भावकी, हलगीवाले आणि गुलालाची सात पोती होती. आत फक्त पासवाले प्रतिनिधी. बाकीची गावं बांबूच्या अडसराबाहेर आपापला घोळका करून उभी. लाऊडस्पीकरवर एकेका गावाचा पुकारा व्हायचा, त्या गावाचा घोळका गप्प व्हायचा, मग अर्धा घोळका ओरडायचा आणि अर्धा चपला शोधायला लागायचा.

आमचं गाव पुकारलं. वॉर्ड पुकारला. मी पॅडवर दोन रकाने आखले.

“प्रथम टपाली मतं,” स्पीकर म्हणाला. “प्राप्त एक. वैध एक.”

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. वॉर्डातली आणखी दोन माणसं ड्युटीवर होती, एक पोलीस आणि एक तलाठी. त्यांनीही अर्ज भरले असतील असं मी धरून चाललो होतो. त्यांनीही जेवणाची रांगच गाठली असणार.

स्पीकरनं काकीचं नाव घेतलं, शून्य. सिस्टरांचं नाव घेतलं, एक.

मी शून्य लिहिलं. एक लिहिला. अक्षर चांगलं आलं. मग मान वर केली तेव्हा भावकीतली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. हलगी थांबली होती.

काका म्हणाला, “आपल्या वार्डातनं टपालानं मत कोण देनार हुतं रं?”

उत्तर काकानंच दिलं. “तू मुरगुडातनं दिलतंस न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो.

“मग?”

तेवढ्यात स्पीकर पुन्हा सुरू झाला, म्हणून मी पॅडमध्ये तोंड घातलं. वॉर्डात दोन केंद्रं होती. पहिलं केंद्र आमच्या गल्लीचं. तिथं काकीला एकोणीस मतांची आघाडी मिळाली. घोळक्यातून आरोळी उठली, हलगी वाजायला लागली, एक पोतं फुटलं. आनंदात माणूस मोठ्या मनाचा होतो. काकानं मूठभर गुलाल माझ्याच तोंडाला फासला आणि म्हणाला, “जा, एक मत माफ. एका मतानं काय होतंय?”

माझ्या वर्गातलं वाक्य त्यानं शब्दाला शब्द म्हटलं. मी डोळ्यांतला गुलाल पुसत ‘अधिक एकोणीस’ असं लिहिलं.

दुसरं केंद्र वस्तीकडचं होतं. स्पीकरनं दोन्ही आकडे सावकाश वाचले. मी लिहिले, वजाबाकी केली, पुन्हा केली. आसपासच्या सगळ्यांना एवढंच दिसत होतं की मास्तर लिहायचा थांबलाय.

“बोल की,” काका म्हणाला.

“सिस्टरांना हितं एकोणीस जास्त.”

“म्हंजे?”

“यंत्रात दोघी सारख्या.”

सातवीच्या पोरालाही पुढचा हिशेब जमला असता, पण कोणी मोठ्यानं केला नाही. तो स्पीकरनं केला. एका मतानं विजयी, असं म्हणून त्यानं सिस्टरांचं पूर्ण नाव घेतलं. पलीकडच्या टोकाला पंधरावीस माणसांचा एक घोळका उभा होता, इतका वेळ तो मला दिसलाही नव्हता. तिथून एकदम असा आवाज आला, की अडसराजवळचा पोलीस दचकून मागं वळला. निळा गुलाल उडाला.

मला काय झालं ते सांगतो. मला अतिशय आनंद झाला. एवढा आनंद मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता. हसू यायला लागलं. भावकीच्या मधोमध उभं राहून, हरलेल्या पार्टीचा गुलाल तोंडाला फासलेला असताना हसू आवरणं हे अवघड काम आहे. मी खाली बसलो आणि बुटाची नाडी बांधली. मी चप्पल घालून गेलो होतो हे नंतर माझ्या लक्षात आलं.

काकानं फेरमोजणीचा अर्ज दिला. यंत्रानं तेच आकडे पुन्हा दाखवले. माझी मतपत्रिका पुन्हा उलगडून दोन्ही प्रतिनिधींना दाखवली, आमचा प्रतिनिधी बाहेर येऊन म्हणाला, “खूण अगदी चौकटीत हाय. जरा बी भाईर न्हाय.” त्याच्या आवाजात थोडं कौतुक होतं असं मला वाटलं.

ट्रॉली मला न घेता गेली. मी स्टँडकडं चालत निघालो. मागून सिस्टरांचा टेम्पो आला, थांबला. त्यातला एकजण ओरडला, “सर, चला की, बसा!” सिस्टर पुढं ड्रायव्हरशेजारी होत्या. त्यांनी माझ्या लाल तोंडाकडं बघितलं आणि त्या माणसाला म्हणाल्या, “नको रे. त्यांना गावात राह्यचंय.” मग मला म्हणाल्या, “डोळ्यात गेलंय काय? घरी गेल्यावर गार पाण्यानं धुवा. चोळू नका.” टेम्पो गेला. मी एसटीनं आलो. कंडक्टरनं अभिनंदन केलं.

घरात बायको पाणी तापवून बसली होती. तिला मोबाईलवर सगळं कळलं होतं. मग दार पुढं करून हळू आवाजात म्हणाली, “मी बी त्यांनाच दिलंय. पर मी यंत्रात दिलंय. तुमाला कुणी सांगितलं हुतं कागदावर द्यायला?”

पुढचे दोन शनिवार-रविवार मला गावानं नागरिकशास्त्र शिकवलं. भावकीतला एकेक माणूस येऊन रक्ताचं नातं समजावून गेला. सिस्टरांकडची माणसंही येऊन जायची, आणि प्रत्येकजण जाताना सांगायचा की तसं बघितलं तर ते एक मत त्याचंच होतं. आजारी असून गेला होता, किंवा पुण्याहून आला होता. मी सगळ्यांना हो म्हणत होतो. हिशेबानं ते खरंच होतं. काका माझ्याशी बोलायचा बंद झाला. आमचं दूध संस्थेत घेत होते, पण काका असला की माझ्याकडं न बघता किटलीकडं बघायचा.

काकी त्या दिवसापासून परड्यात दिसली नव्हती. तिसऱ्या रविवारी दुपारी तिनं भिंतीपलीकडून हाक मारली. गेलो. ती पावटे सोलत बसली होती. बस म्हणाली नाही, पण पावट्याची टोपली माझ्याकडं सरकवली. मी बसून सोलायला लागलो.

“मला आदीच न्हाय म्हणला असतास तर?” ती म्हणाली.

“काकी, तोंडावर न्हाय म्हणायला...”

“तुझं मत धरलं म्हणून मी थोरल्या पोराला पुण्यासनं बोलवलं न्हाय. त्याला रजा मिळत हुती. तू न्हाय म्हणला असतास तर बोलवून घेतलं असतं. मतं सारखी हून चिठ्ठ्या टाकाय लागल्या असत्या मग.”

मी एवढा विचार केला नव्हता. तसं सांगितलं.

“पंधरा दिस रोज एकेकजण येतोय,” काकी म्हणाली. “बसतोय, चा पितोय, तुला शिव्या देतोय. आमच्या गल्लीत भावकीची मतं किती, मला तोंडपाठ हायती. यादी मीच केलती. त्या केंद्रावर मला पडली किती, ते बी मला ठावं हाय. कमीत कमी अकरा जणांनी मला दिल्यालं न्हाय. अकरा. घरातली.” तिनं एक शेंग मोडली. “ती अकरा बी हितं येऊन चा पिऊन गेली असनार. कोन ते मला कळत न्हाय. समद्यांच्या तोंडाकडं बघून मला आता चा गोड लागंना झालाय. तुझं तेवढं मला ठावं हाय. एकट्याचं.”

मी अकरातल्या एका मताबद्दल विचार करत होतो. ते मत भिंतीपलीकडं भाकरी थापत होतं, आवाज येत होता. मी पावटे सोलत राहिलो.

“का दिलंस तिला?” काकीनं विचारलं.

मी कपाचं सांगितलं. कोणालाही पहिल्यांदाच सांगत होतो. काकीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, “तुझी आई कट्ट्यावर ठेवायची. मी तर चाच देत नव्हते.” पावटे संपले. तिनं त्यातले अर्धे मला बांधून दिले.

पहिली ग्रामसभा झाली तेव्हा मी सुट्टीला गावात होतो. सिस्टर सदस्य म्हणून टेबलामागं बसल्या होत्या. काका पुढच्या रांगेत हाताची घडी घालून होता. विषय गटारीचा निघाला आणि बायकांच्या बाजूनं काकी उठून उभी राहिली. गेल्या तीस वर्षांत ती ग्रामसभेत बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. काकाला तर ती आली आहे हेच ठाऊक नव्हतं. गटार वस्तीपासून सुरू करणार म्हणता, मग आमच्या गल्लीचं पाणी कुठं सोडणार, उतार कुणी मोजलाय, असं तिनं विचारलं. सिस्टरांनी उत्तर दिलं. काकीला पटलं नाही. सिस्टरांनी नकाशा उलगडला. काकीनं पुढं जाऊन त्याच्यावर बोट ठेवलं. दोघी तासभर भांडल्या आणि ग्रामसेवक दोघींचं लिहून घेत राहिला. काका एकदा “अगं, बस” म्हणाला. दोघींनीही त्याला थांबा म्हणून हात केला.

बाहेर पडताना काकी माझ्याजवळ आली. घाम पुसत म्हणाली, “म्होरच्या खेपेला मी हिच्या इरोधात परत उभी. पोस्टरवर माझा एकटीचा फोटू.”

“बरं,” मी म्हणालो.

“आनि तुला मत मागनार न्हाय,” ती म्हणाली. “तुला पटलं तर दे.”